मुले लहान असतानाच मृत्युपत्र का करावे?

मृत्युपत्राचा विषय मराठी घरांत सहसा निवृत्तीनंतर निघतो. नोकरी संपली, मुलांची लग्ने उरकली, गुडघे कुरकुरू लागले, की एखाद्या दुपारी कपाटातील कागद बाहेर काढले जातात. त्याआधी कोणी हा विषय काढलाच, तर ‘भलतेसलते बोलू नये’ असे म्हणून वडीलधारी माणसे त्याला गप्प करतात. वास्तविक मृत्युपत्राची सर्वाधिक गरज ज्या वयात असते, ते वय साठ-सत्तरचे नव्हे, तर तीस-चाळीसचे होय. साठीतल्या माणसाची मुले सज्ञान असतात. तो मृत्युपत्र न करता गेला, तरी ती एकत्र बसून, प्रसंगी भांडून का होईना, मार्ग काढू शकतात. पस्तिशीतल्या माणसाची मुले शाळेत असतात. त्यांच्या सहीला कायद्याच्या लेखी किंमत नसते आणि त्यांच्या वतीने सही कोणी करावी, हे घरातील माणसे नव्हे, तर कायदा ठरवितो.

२०२१ मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेत हा प्रश्न महाराष्ट्रातील अनेक घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. तिशी-चाळिशीतले कर्ते पुरुष आणि स्त्रिया काही दिवसांच्या आजाराने गेल्या. मागे राहिलेल्यांना दुःखाबरोबरच बँका, विमा कंपन्या, गृहनिर्माण संस्था आणि न्यायालये यांचे उंबरे झिजवावे लागले. यातील पुष्कळसा त्रास दोन-तीन पानांच्या एका कागदाने टळला असता. तो कागद का लागतो आणि त्यात काय असावे, हे लहान मुलांच्या प्रत्येक आईवडिलांनी समजून घेणे आवश्यक आहे.

मृत्युपत्र नसेल तर

‘माझ्यामागे सारे बायकोचेच आहे, मग मृत्युपत्र कशाला?’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. हा समज चुकीचा आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता मरण पावला, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता पहिल्या वर्गातील वारसांकडे जाते. त्यांत पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई या सर्वांचा हिस्सा समान असतो. मृताचे वडील या वर्गात येत नाहीत. (बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हाच कायदा लागू आहे.)

एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका नोकरदाराने स्वतःच्या एकट्याच्या नावावर सदनिका घेतली आहे. घरात पत्नी, दहा आणि सहा वर्षांची दोन मुले आणि त्याची विधवा आई आहे. त्याचा अकस्मात मृत्यू झाला, तर त्या सदनिकेचे चार समान मालक होतात. पत्नीकडे येतो फक्त एक चतुर्थांश हिस्सा. निम्मी सदनिका अज्ञान मुलांच्या मालकीची होते आणि उरलेला चौथा हिस्सा सासूबाईंचा.

आता गृहकर्जाचे हप्ते झेपत नाहीत, म्हणून पत्नीने मोठी सदनिका विकून लहान घर घेण्याचे ठरविले. ती मुलांची आई आहे, त्यांची नैसर्गिक पालकही आहे. तरीही तिला ती सदनिका आपल्या मर्जीने विकता येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम ८ नुसार अज्ञान मुलाच्या मालकीची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी, गहाण ठेवण्यासाठी, बक्षीस देण्यासाठी किंवा पाच वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यासाठी नैसर्गिक पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. व्यवहार मुलाच्या गरजेपोटी किंवा त्याच्या उघड हिताचा आहे, हे न्यायालयाला पटवून द्यावे लागते. परवानगीवाचून केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करवून घेऊ शकते. म्हणूनच सावध खरेदीदार आणि त्याला कर्ज देणारी बँक अशा व्यवहाराच्या वाटेस जात नाहीत. अर्ज, वकील, सुनावण्या आणि आदेश यांत महिने जातात आणि कर्जाचे हप्ते मात्र दर महिन्याला येतच राहतात.

कायद्याचा हेतू वाईट नाही. पोरक्या मुलाची जमीन काका-मामांनी परस्पर विकून खाऊ नये, यासाठी ही तटबंदी उभारलेली आहे. परंतु ती आईलाही बाहेर ठेवते. मुलांच्या रक्षणासाठी राखलेली मालमत्ता मुलांच्याच शिक्षणाला वेळेवर उपयोगी पडत नाही, असा पेच त्यातून निर्माण होतो.

दुसरा पेच उशिरा लक्षात येतो. काही वर्षांनी सासूबाईंचे निधन झाले आणि त्यांनीही मृत्युपत्र केलेले नसेल, तर त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या वारसांत विभागला जातो. म्हणजे मृताचे भाऊ आणि बहिणी त्या सदनिकेचे सहमालक होतात. नात्यात गोडवा असेल तोवर हे जाणवतही नाही. घर विकायची वेळ आली, की प्रत्येकाची सही लागते.

शेतजमिनीच्या बाबतीत हेच चित्र सातबाऱ्यावर दिसते. वारस नोंदीत अज्ञान मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असा शेरा येतो. मुले मोठी होऊन स्वतः संसाराला लागली, तरी कित्येक उताऱ्यांवर तो शेरा तसाच राहिलेला असतो आणि जमिनीचा व्यवहार करताना प्रथम तो काढून घ्यावा लागतो.

नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे

‘सगळीकडे नॉमिनी लावले आहे’ हे दुसरे नेहमीचे उत्तर. नामनिर्देशन आवश्यक आहे यात शंका नाही, कारण त्यामुळे पैसे लवकर हाती येतात. पण नामनिर्देशित व्यक्ती बहुधा मालक नसते. ती खऱ्या वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात हे स्पष्ट केले. २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती होऊन आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांच्या नावे केलेल्या नामनिर्देशनाला अधिक बळ मिळाले. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये जुनेच तत्त्व कायम ठेवले. तो वाद ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या वारसांमधील होता. नामनिर्देशनाने उत्तराधिकाराचा कायदा बाजूला सारता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

गृहनिर्माण संस्थांचेही तसेच आहे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमात झालेल्या दुरुस्तीनुसार सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासद करून घेतले जाते. कायदेशीर वारस ठरून ते सभासद होईपर्यंतच ती व्यवस्था असते. बँकेतील ठेवींसाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा वाटाही नमूद करता येतो. ही सोय चांगली आहे, पण तीही मृत्युपत्राची जागा घेत नाही.

मुलांच्या आईवडिलांनी दोन गोष्टी आवर्जून तपासाव्यात. पहिली, लग्नापूर्वी भरलेले अर्ज. नोकरी लागली तेव्हा अविवाहित असलेल्या माणसाने आई, वडील किंवा भाऊ यांचे नाव दिलेले असते आणि पुढे तो ते विसरून जातो. दुसरी, अज्ञान मुलाचे नाव दिले असेल, तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या सज्ञान व्यक्तीचे नाव त्याच अर्जात आहे किंवा नाही. ही जागा रिकामी राहिली, तर पैसे मिळण्यापूर्वीच ‘पालक कोण?’ हा प्रश्न उभा राहतो.

दोघेही नसतील तर

मालमत्तेहून अवघड प्रश्न मुलांच्या सांभाळाचा आहे. पती-पत्नी बहुधा एकत्र प्रवास करतात आणि अपघात दोघांनाही एकाच वेळी ओढून नेऊ शकतो. हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक हे आईवडीलच आहेत. आजी-आजोबा, काका, मामा, मावशी, आत्या यांपैकी कोणीही, कितीही जिव्हाळ्याचे असले, तरी नैसर्गिक पालक नाही. मूल प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या नातेवाइकाला त्याच्या मालमत्तेचा व्यवहार करण्याचा अधिकार नसतो. त्यासाठी पालक व पाल्य अधिनियम १८९० खाली न्यायालयाकडून पालक म्हणून नियुक्ती करून घ्यावी लागते. दोन्ही घरांकडील नातेवाईक एकाच वेळी पुढे आले, किंवा कोणीच पुढे आले नाही, तर निर्णय होईपर्यंत मुलांची जी ओढाताण होते, तिची कल्पनाच केलेली बरी.

यावर आईवडिलांच्या हातात उपाय आहे. १९५६ च्या पालकत्व कायद्याचे कलम ९ मृत्युपत्राद्वारे पालक नेमण्याची मुभा देते. वडिलांनी अशी नेमणूक केली आणि त्यांच्यामागे आई हयात असेल, तर पालकत्व आईकडेच राहते. आईनेही पुढे आपल्या मृत्युपत्रात पालक नेमला, तर तिची निवड ग्राह्य धरली जाते. तिने नेमला नसेल, तर वडिलांची नेमणूक पुन्हा जिवंत होते. म्हणून दोघांनी विचारविनिमय करून आपापल्या मृत्युपत्रांत एकाच व्यक्तीचे नाव लिहिणे श्रेयस्कर ठरते. एखादे पर्यायी नावही द्यावे, कारण पहिली व्यक्ती आजारी पडू शकते, परदेशी जाऊ शकते किंवा नकार देऊ शकते. वाद न्यायालयात गेलाच, तर मुलाचे कल्याण हाच निर्णयाचा अंतिम निकष असतो आणि समज आलेल्या मुलाची इच्छाही विचारात घेतली जाते. तरीही आईवडिलांनी विचारपूर्वक केलेल्या लेखी निवडीला वजन असते. काहीच लिहिलेले नसेल, तर त्यांची इच्छा काय होती हे सांगायला कोणी उरत नाही.

ही निवड नात्याच्या जवळिकीवर नव्हे, तर मुलांच्या दैनंदिन आयुष्याकडे पाहून करावी. मुले ज्या घरात रुळलेली आहेत, त्यांची शाळा आणि बोली जिथे फारशी बदलणार नाही, जिथे पालकाचे वय आणि प्रकृती पुढील दहा-पंधरा वर्षे साथ देईल, असे घर शोधावे. सत्तरीतल्या आजीची माया अपार असते, पण सहा वर्षांच्या नातीचे कॉलेज होईपर्यंतची जबाबदारी तिच्यावर टाकावी का, हा विचार करावा लागतो. ज्याचे नाव लिहायचे, त्याला आधी विचारावे. त्याच्या पत्नीला किंवा तिच्या पतीलाही विचारावे. मृत्युपत्र वाचल्यावरच जबाबदारी कळावी, हा दोन्ही बाजूंवर अन्याय आहे.

पैसा एकाकडे, सांभाळ दुसऱ्याकडे

मूल प्रेमाने वाढविणारी व्यक्ती पैशाच्या व्यवहारात तरबेज असेलच असे नाही. म्हणून मुलांचा सांभाळ एकाकडे आणि मालमत्तेची देखभाल दुसऱ्याकडे सोपविता येते. त्यासाठी मृत्युपत्रातूनच मुलांच्या हिताचा खासगी न्यास निर्माण करता येतो. मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात राहते. शिक्षण, औषधोपचार आणि निर्वाह यांसाठी ते तिच्यातून खर्च करतात आणि ठरविलेल्या वयाला उरलेली मालमत्ता मुलांच्या हाती देतात.

वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. न्यास नसेल, तर अठरा वर्षे पूर्ण होताच मूल आपल्या हिश्शाचे पूर्ण मालक होते. बारावीच्या मुलाच्या हाती विम्याची मोठी रक्कम एकदम पडणे त्याच्या हिताचे असतेच असे नाही. न्यासात मात्र ‘एकविसाव्या वर्षी काही भाग, पंचविसाव्या वर्षी उरलेला’ अशी व्यवस्था करता येते.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी ही व्यवस्था सोय नव्हे, तर गरज आहे. असे मूल अठरा वर्षांचे झाले, की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, पण त्याची आधाराची गरज संपत नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकाची नियुक्ती करून घेता येते. आईवडिलांनी आपल्या हयातीतच ही प्रक्रिया पूर्ण करावी आणि आपल्यानंतर पालक कोण असावा, याचीही तजवीज करावी.

सर्वांना एकच नियम नाही

वारशाचे नियम धर्मानुसार आणि प्रदेशानुसार बदलतात. ख्रिस्ती कुटुंबात भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ प्रमाणे, मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मालमत्ता मिळते. म्हणजे तेथे मुलांकडे जाणारा वाटा आणखी मोठा असतो. मुस्लिम व्यक्तीला वैयक्तिक कायद्यानुसार साधारणतः मालमत्तेच्या एक तृतीयांश भागापुरतेच मृत्युपत्र करता येते. गोव्यात मुलांचा हक्क अधिक पक्का आहे. तेथे आईवडिलांना आपल्या वाट्याच्या निम्म्याच मालमत्तेची मृत्युपत्राने मनाप्रमाणे वाटणी करता येते. उरलेली निम्मी मुलांसाठी राखीव असते. गोव्यात घर असलेल्या महाराष्ट्रातील कुटुंबांनी आणि परदेशात स्थायिक झालेल्यांनी त्या त्या ठिकाणच्या जाणकाराचा सल्ला घेणे इष्ट.

स्त्रियांनी वेगळे मृत्युपत्र करण्याची गरज बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्राविना गेली, तर तिची मालमत्ता पती आणि मुले यांना समान मिळते. तिच्या आईवडिलांना काहीही मिळत नाही. नोकरी करणारी मुलगी आपल्या वृद्ध आईचा खर्च चालवीत असेल आणि तो आपल्यामागेही चालावा अशी तिची इच्छा असेल, तर ती तिने लिहून ठेवली पाहिजे. शिवाय मुलांचे हिस्से तिच्या मालमत्तेतही निर्माण होतात आणि तेव्हा परवानगीसाठी न्यायालयात वडिलांना जावे लागते.

मृत्युपत्र कसे करावे?

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. ते साध्या कागदावर, मराठीतही करता येते. करणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्ध मनाची असावी. तिने सही करावी आणि किमान दोन साक्षीदारांनी तिच्या समक्ष साक्षांकन करावे. साक्षीदार शक्यतो करणाऱ्याहून वयाने लहान असावेत, म्हणजे पुढे साक्ष द्यायला उपलब्ध राहतील. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही. मात्र दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केल्यास मृत्युपत्र खोटे असल्याचा आरोप करणे कठीण होते. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्रांना न्यायालयाकडून प्रोबेट घेण्याची दीर्घकाळ सक्ती होती. ज्या कलम २१३ मुळे ती होती, ते संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळले. त्यामुळे मुंबईकरांचे मृत्युपत्र टाळण्याचे एक जुने कारणही उरलेले नाही.

मजकुरात मालमत्तेची यादी, कोणास काय द्यावयाचे, मुलांचे पालक कोण, विश्वस्त कोण आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी कोण करील, हे स्पष्ट असावे. पुण्याच्या उदाहरणातील नोकरदाराने ‘सदनिका पत्नीस द्यावी आणि माझ्या आईस तिच्या हयातीपर्यंत तेथे राहण्याचा हक्क असावा’ एवढे लिहून ठेवले असते, तर मुलांच्या हिश्शासाठी न्यायालयात जावे लागले नसते आणि सासूबाईंचे छप्परही शाबूत राहिले असते. वृद्ध आईवडिलांची तरतूद विसरून केलेले मृत्युपत्र कायद्याने वैध असले, तरी घरात नवा कलह पेरते. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेबाबत मात्र माणसाला केवळ आपल्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करता येते. तीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच झालेला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. दुसरे मूल झाले, घर घेतले, नेमलेला पालक दूर गेला किंवा नात्यात काही बदल झाला, की ते पुन्हा वाचावे. नवे करताना आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे त्यात नमूद करावे. मूळ प्रत कोठे आहे, हे जोडीदाराला आणि आणखी एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक असावे. घरात कोणालाही न सापडणारे मृत्युपत्र नसल्यातच जमा असते.

मुलांच्या शाळेच्या प्रवेश अर्जात ‘आपत्कालीन प्रसंगी संपर्क’ म्हणून एक रकाना असतो. तो भरताना आईवडील क्षणभरही कचरत नाहीत. मावशीचे किंवा शेजाऱ्यांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहून मोकळे होतात. त्यात त्यांना काही अशुभ वाटत नाही. मृत्युपत्रातील पालकाचे नाव हे त्याच रकान्याचे उत्तर आहे, फक्त ते अधिक दीर्घ मुदतीचे आहे. पती-पत्नींनी एक रविवार ठरवून, मुले खेळायला गेली असताना, समोरासमोर बसून ते लिहून काढावे.